सिम्युलेटर राइड फसते कुठे?

तिकीट खिडकीच्या वरच्या फलकावर फुटणारा ज्वालामुखी असतो, जबडा वासलेला डायनासोर असतो, दरीत झेपावणारी खाणीतली गाडी असते. आत मात्र अंधारी खोली, ओळीने लावलेल्या खुर्च्या, मांडीवर येणारा आडवा दांडा आणि समोर एक पडदा. चार-पाच मिनिटं पडद्यावर आकांत चालतो आणि खुर्ची खडखडत राहते. गाडी दरीत कोसळताना खुर्ची पुढे कलते आणि आपण दांड्यावर घसरतो. गाडी खडकावर आदळते, पण हादरा बसतो तो क्षणभर उशिरा. दिवे लागतात. मुलं विचारतात, 'झालं?' मोठी माणसं मान चोळत बाहेर पडतात.

अशा एका राइडमधून मीही हिरमुसून बाहेर पडलो. यंत्रच स्वस्तातलं होतं, असं म्हणून विषय सोडून देता आला असता, पण ते कारण पुरत नाही. तत्त्वाने पाहिलं तर अशाच यंत्रावर वैमानिक तयार होतात. अनुभवी वैमानिकाला नव्या प्रकारच्या विमानाचं सगळं प्रशिक्षण सिम्युलेटरवर देता येतं, आणि त्या विमानाचं त्याचं पहिलं खरं उड्डाण थेट प्रवाशांना घेऊनच होऊ शकतं. म्हणजे जमिनीला खिळलेलं यंत्र माणसाला पुरतं फसवू शकतं. मग आपल्याला का फसवता आलं नाही?

माझं मत आधीच सांगून टाकतो. निराश करणाऱ्या बऱ्याच राइडना कमी हलणं भोवत नाही. त्या नको तिथे आणि नको तितक्या हलतात. हे पटण्यासाठी आधी यंत्राची अडचण आणि मग आपल्या कानाची एक उणीव समजून घ्यावी लागेल.

हातभर जागेत दरी

गाडीने जोरात वेग घेतला की पाठ खुर्चीत दाबली जाते. वेगाच्या या बदलाला शाळेत आपण त्वरण म्हणून शिकलो. हे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या तीन दशांश एवढंच धरू आणि ते फक्त 5 सेकंद टिकवायचं असं ठरवू. तेवढ्यासाठी खुर्चीला खरोखर 37 मीटरच्या आसपास पुढे जावं लागेल. राइडच्या खुर्चीला मिळणारा पल्ला असतो हात-दोन हात.

कोसळण्याचं गणित तर आणखी कठीण आहे. पोटात गोळा येतो तो आपण मुक्तपणे पडत असताना, आणि पडायचं तर खाली जागा लागते. 3 सेकंद पडायला 44 मीटर उंची हवी. यंत्राचा पल्ला 1 मीटर असेल, तर त्यातला निम्मा पडण्यासाठी आणि निम्मा थांबण्यासाठी ठेवावा लागतो. अर्धा मीटर पडायला वेळ किती लागतो? एक तृतीयांश सेकंदाहूनही कमी. पोटाला कळेपर्यंत खेळ संपलेला असतो.

जागा वाढवून हा प्रश्न सुटेल असं वाटतं. अमेरिकेच्या नासा संस्थेने एम्स केंद्रात नेमकं तेच केलं. तिथल्या सिम्युलेटरची कुपी सुमारे 18 मीटर वर-खाली आणि 12 मीटर आडवी सरकू शकते, आणि त्यासाठी दहा मजली उंचीची इमारत लागते. तरीही ती 44 मीटरच्या जवळपास जात नाही. तेव्हा खरी हालचाल पुरवण्याचा मार्ग इथे बंद होतो. उरते ती फसवणूक, आणि ती करायची असते कानाची.

कानाला न कळणारी एक गोष्ट

ऐकण्याचं काम करणाऱ्या भागाला लागूनच अंतर्कर्णात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. तिचे दोन भाग. पहिल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींना साधारण काटकोनात. त्यांत द्रव असतो. पाण्याने भरलेली बादली झटक्यात फिरवली की बादली फिरते आणि पाणी क्षणभर मागे राहतं, तसा हा द्रव डोकं फिरताना मागे राहतो आणि डोकं वळल्याची खबर मेंदूला जाते. मात्र फिरणं अगदी संथ असेल, सेकंदाला दोन-तीन अंशांच्या आत, तर बहुतेकांना ते जाणवतच नाही.

दुसऱ्या भागात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक एका लिबलिबीत थरावर बसलेले असतात. डोकं कललं की वजनामुळे हे स्फटिक घसरतात आणि खालच्या केसांसारख्या पेशी वाकतात. आणि डोकं न कलता नुसता वेग वाढला, तरी स्फटिक मागे राहतात आणि त्याच पेशी तशाच वाकतात. म्हणजे 'मी मागे रेललो आहे' आणि 'माझा वेग वाढतो आहे' या दोन वेगळ्या घटनांसाठी या अवयवाकडून मेंदूला एकच निरोप जातो.

याला शरीराचा दोष म्हणता येणार नाही, कारण निसर्गच तसा आहे. आइनस्टाइनने 1907 साली मांडलेलं तत्त्व हेच सांगतं: बंद खोलीत बसलेल्या माणसाला गुरुत्वाकर्षण आणि त्वरण यांच्या परिणामांत फरक करता येत नाही. कानाला जे जमत नाही, ते तराजूलाही जमत नाही.

सिम्युलेटरचा सगळा संसार या एका गोष्टीवर उभा आहे. पडद्यावर गाडीने वेग घेतला की खुर्ची आधी थोडीशी पण खरोखर पुढे सरकते. सुरुवातीचा तो धक्का अस्सल असतो. पल्ला संपायच्या आत खुर्ची हळूहळू मागे रेलू लागते. डोळ्यांना पडद्यावर सरळ रस्ता दिसतो आहे, त्यामुळे पाठीवर आलेला दाब मेंदू त्वरणाच्या खात्यात टाकतो. साडेसतरा अंश रेललं की गुरुत्वाकर्षणाच्या तीन दशांश दाब मिळतो, आणि तो कितीही वेळ टिकवता येतो. 37 मीटर धावण्याची गरज संपली. पुढे गाडीचा वेग स्थिर झाला की खुर्ची कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने पुन्हा मध्यावर येते, पुढच्या धक्क्यासाठी तयार.

ही चोरपावलांनी परत येण्याची क्रिया मला या सगळ्या तंत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. प्रेक्षकाला ती कधीच कळत नाही, आणि कळली तर काम बिघडलं म्हणायचं.

दरीत कोसळताना खुर्ची पुढे का कलू नये

आता त्या खाणीतल्या गाडीकडे येऊ. पडद्यावर गाडी खडा उतार उतरते, म्हणून खुर्चीही पुढे कलते आणि उतार संपेपर्यंत तशीच राहते. वरवर पाहता हे बरोबर वाटतं. गाडीचं तोंड खाली, आपलंही तोंड खाली.

पण खऱ्या गाडीत काय होतं ते पाहा. ब्रेक न लावता उतारावरून सुटलेल्या गाडीत गाडी आणि प्रवासी एकाच त्वरणाने खाली जात असतात. घर्षण आणि हवेचा अडथळा बाजूला ठेवला, तर प्रवासी गाडीच्या पुढच्या भागावर मुळीच घसरत नाही. तो फक्त हलका होतो, खुर्चीवरचं त्याचं वजन कमी होतं. उतारावर पुढे घसरण्याची जाणीव होते ती गाडीला ब्रेक लावून धरलं असेल तेव्हा.

म्हणजे डोळे सांगताहेत, सुसाट सुटलो. कान आणि मांडीवरचा दांडा सांगताहेत, कचकन ब्रेक लागलाय. आपल्याला हे शब्दांत सांगता येत नाही, 'काहीतरी खोटं वाटत होतं' एवढंच म्हणता येतं, पण मेंदूला विसंगती बरोबर कळते. चांगला प्रोग्रॅम उताराच्या तोंडाशी खुर्ची पटकन पुढे झुकवतो, कारण तिथे डोकं खरंच वळणार असतं, त्याच क्षणी खुर्ची खाली सोडतो आणि मग झुकाव गुपचूप काढून घेतो. वाईट प्रोग्रॅम चित्राची नक्कल करतो. पडद्यावर जे दिसतं तेच खुर्चीला करायला लावतो.

विमानाच्या वळणातही हीच गफलत होते. नीट घेतलेल्या वळणात विमान एका कुशीवर कलतं, पण आतल्या माणसाला बाजूला घसरल्यासारखं वाटत नाही, तो सरळ खुर्चीत दाबला जातो. सिम्युलेटरची खुर्ची वळणभर कललेली ठेवली, तर प्रवासी शेजाऱ्याच्या अंगावर जातो आणि उडण्याचा आभास तिथेच संपतो. सपाट रस्त्यावरच्या मोटारीचं उलट आहे: डावीकडे वळताना आपण उजवीकडे फेकले जातो, म्हणून खुर्चीने उजवीकडे कलायला हवं. मोटरसायकलसारखी ती डावीकडे कलवली, तर जाणीव नेमकी उलटी मिळते.

आता कळेल की कलणं ही मुळात त्वरणाची बतावणी आहे. आणि ही बतावणी टिकण्यासाठी डोळ्यांना कलणं दिसता कामा नये.

पडदा खुर्चीबरोबर हलतो का?

वैमानिकांच्या सिम्युलेटरमध्ये सबंध कॉकपिट आणि बाहेरचं दृश्य दाखवणारी यंत्रणा एकाच मंचावर असते. मंच मागे रेलला तर दृश्यही रेलतं, त्यामुळे आतल्या डोळ्यांना काहीच रेललेलं दिसत नाही. शिवाय वक्र आरसा वापरून दृश्य असं दाखवतात की नजर खूप दूरवर स्थिरावते, चार हातांवरच्या पडद्यावर नाही. 1987 साली कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडने वैमानिक-प्रशिक्षणाची यंत्रं बनवणाऱ्या रेडिफ्युजन या ब्रिटिश कंपनीचं तंत्र वापरून अंतराळसफरीची राइड सुरू केली. तिथेही चाळीस प्रेक्षकांची बंद केबिन आणि तिच्यातच बसवलेला पडदा अशी रचना होती.

याउलट अनेक लहान राइडमध्ये खुर्च्या हलतात आणि पडदा भिंतीला असतो. खुर्ची कलली की पडद्याची चौकट वाकडी दिसते. जमीन दिसते, पुढच्या रांगेतली डोकी दिसतात, दारावरचा हिरवा दिवा दिसतो. डोळे मेंदूला सांगतात, 'अरे, आपण नुसते कललोय.' एवढं कळलं की पाठीवरच्या दाबाला वेगाचा अर्थ उरत नाही. अशा रचनेत उपाय एकच असतो, तो म्हणजे पडदा इतका मोठा आणि इतका वळलेला ठेवणं की नजरेच्या कडेला दुसरं काही उरणार नाही.

नजरेची कड फार महत्त्वाची आहे. आपली गाडी थांबलेली असताना शेजारची गाडी सुटली की क्षणभर आपणच निघालो असं वाटतं, ते आजूबाजूचं बरंचसं दृश्य एकदम सरकल्यामुळे. या आभासाला खुर्ची हलण्याची गरजच नसते. याचा पुरावा सव्वाशे वर्षांहून जुना आहे. 1890 च्या दशकात अमेरिकेतल्या जत्रांमध्ये 'भुताचा झोपाळा' नावाचा खेळ असे. एका सजवलेल्या खोलीत मधोमध मोठा झोपाळा, त्यावर माणसं बसलेली. झोपाळा जेमतेम हले आणि त्याच्याभोवती सबंध खोलीच मागेपुढे डुले, शेवटी पूर्ण गोल फिरे. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी 1895 साली त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. लोकांना आपणच उलटे झालो असं वाटे आणि ते झोपाळ्याचे दांडे घट्ट धरून बसत. ना खुर्ची हलवणारं यंत्र, ना संगणक. डोळ्यांसमोर दुसरं काही उरू दिलं नाही, एवढ्यावर काम झालं.

आता मंद दिव्याचा प्रोजेक्टर आणि त्यावर बोटांचे ठसे उमटलेले त्रिमितीय चष्मे आठवा. या चष्म्यांमुळे डोळ्यांपर्यंत पोचणारा प्रकाश निम्म्याहून कमी होतो. फिकट चित्र, अंधुक कडा. खुर्चीने मग कितीही आदळआपट केली तरी उपयोग नाही.

उशिराला सबब नाही

आदळण्यानंतर उशिरा येणाऱ्या हादऱ्याचं मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटतं. वैमानिकाच्या सिम्युलेटरमध्ये उशीर होणं स्वाभाविक आहे. वैमानिक दांडा कधी ओढणार हे यंत्राला आधी ठाऊक नसतं. त्याने ओढल्यावर संगणक हिशेब करतो, चित्र बदलतो, मंच हलवतो. तरीही वरच्या दर्जाच्या सिम्युलेटरसाठी अमेरिकेत दीर्घकाळ 150 मिलिसेकंदांची मर्यादा होती, म्हणजे सेकंदाचा जेमतेम सातवा भाग.

राइडमध्ये तर सगळं आधीच ठरलेलं असतं. खडक कोणत्या क्षणी येणार हे चित्रपट बनला तेव्हापासून ठाऊक आहे. खुर्ची हलवणाऱ्या पिस्टनला हलायला थोडा वेळ लागतो, तर हुकूम तितका आधी सोडावा. हे न जमण्याला तांत्रिक कारण नाही. बहुधा चित्रपट एकीकडून आणलेला असतो, यंत्र दुसरीकडून, आणि दोन्हींचा मेळ कुणीतरी घाईत घातलेला असतो. एकाच यंत्रावर डझनभर चित्रपटांची निवड दिसली तर मला म्हणूनच शंका येते.

यंत्राच्या प्रकाराबद्दल थोडं. लांबी कमी-जास्त होणाऱ्या सहा पायांवर उभा असलेला मंच वर-खाली, पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे सरकतो आणि तिन्ही दिशांनी कलू-वळू शकतो. 1950 च्या दशकात डनलॉप कंपनीत एरिक गॉफ यांनी टायर तपासण्यासाठी असं यंत्र उभारलं, आणि 1965 साली डी. स्टुअर्ट यांच्या शोधनिबंधानंतर ही कल्पना उड्डाणाच्या सिम्युलेटरशी जोडली गेली. लहान राइडमध्ये बऱ्याचदा दोन किंवा तीनच प्रकारच्या हालचाली असतात. ते कमी आहे खरं, पण तेवढ्यावरही नीट काम करता येतं. एडविन लिंक यांनी 1929 साली बांधलेलं प्रशिक्षण-यंत्र तर घरच्या ऑर्गन-कारखान्यातल्या भात्यांवर हलायचं. सुरुवातीला त्याला गिऱ्हाईक मिळालं ते करमणुकीच्या बागांचं. लष्कराला त्याची किंमत 1934 मध्ये कळली, आणि दुसऱ्या महायुद्धात त्यावर हजारो वैमानिक शिकले.

आणि मळमळ?

गाडी लागते, बोट लागते, तशीच राइडही लागते. सर्वाधिक मानलं जाणारं स्पष्टीकरण हे की डोळे आणि अंतर्कर्ण यांच्या खबरा जुळल्या नाहीत की मळमळतं. ज्यांच्या अंतर्कर्णातली तोलाची यंत्रणा दोन्ही बाजूंनी निकामी आहे, त्यांना प्रवासात असा त्रास होत नाही, हा त्यातला बोलका भाग. 1957 साली हेलिकॉप्टरच्या सिम्युलेटरबाबत अशा त्रासाची पहिली नोंद झाली तेव्हा नवशिक्यांपेक्षा अनुभवी प्रशिक्षकांना तो अधिक झाल्याचं आढळलं. खरं हेलिकॉप्टर कसं हलतं हे त्यांच्या शरीराला पाठ होतं, म्हणून खोटं त्यांना लवकर बाधलं.

खरी, टिकणारी ताकद हवीच असेल तर माणसाला गोल फिरवावं लागतं. 2003 मध्ये फ्लोरिडातल्या एप्कॉट उद्यानात तशी राइड आली, गुरुत्वाकर्षणाच्या अडीचपट दाब देणारी. तिथे ओकारीच्या पिशव्या ठेवाव्या लागल्या, आणि 2006 मध्ये न फिरणारा सौम्य प्रकारही सुरू झाला.

तेव्हा तिकीट काढण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: केबिन बंद आहे का, आणि पडदा तिच्यासोबत हलतो का. सगळ्या खुर्च्या एकाच मोठ्या मंचावर असतील तर मधली जागा धरा. मंच कलतो तेव्हा टोकाच्या खुर्च्या खूप वर-खाली जातात, आणि हालचालीचा हिशेब सहसा मध्याजवळचाच असतो. खुर्च्या सुट्या हलणाऱ्या असतील तर पडद्याच्या बरोबर समोर बसा. चष्मा पुसून घ्या. मान किंवा पाठ दुखत असेल, पोटात बाळ असेल, तर हा खेळ नकोच. मध्येच ढवळायला लागलं तर डोळे मिटून घ्या, भांडणातला एक पक्ष गप्प होतो.

जमलंच तर आधीची फेरी दारातून पाहा. पडद्याकडे लक्ष न देता नुसत्या खुर्च्या बघायच्या. झटका, मग बराच वेळ जवळपास काहीच नाही, मग कुणाला दिसणार नाही असं सावकाश मध्यावर येणं, असं दिसलं तर खुशाल आत जा. खुर्च्या पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत थडथडतच असतील, तर रांगेतून बाहेर पडायला अजून वेळ असतो.